इंजिन बसेपर्यंत

नवी गाडी घरी आली त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी गाडी पाहिली आणि कोर्सकाकांनी तिची पुस्तिका वाचली. पार्किंगमध्ये शेजारीपाजारी जमले होते. कुणी टायरला बोट लावून पाहत होतं, कुणी काचेत स्वतःचा भांग नीट करत होतं, बायको सगळ्यांना चहा देत होती, आणि गाडीचा मालक बॉनेटला टेकून, मान खाली घालून, 'सुरुवातीच्या काळात घ्यावयाची काळजी' हे प्रकरण वाचत उभा होता. अभिनंदन करणाऱ्यांना तो मान वर न करताच हात देत होता. एकदोघांना तर त्याने तोच हात दोनदा दिला.

कोर्सकाका हे नाव सोसायटीतल्या मुलांनी ठेवलं आणि मोठ्यांनी ते आनंदाने उचललं. नाक्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. गोळ्यांची पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात देताना "कोर्स पूर्ण करा हं, मध्येच सोडू नका" असं ते इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाले होते, की एकदा कंगवा घ्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी तेच बजावलं होतं. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणारी माणसं ही त्यांच्या मते समाजाची खरी शत्रू. त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे मराठी. औषधाच्या पाकिटावर 'रिकाम्या पोटी', 'झोपण्यापूर्वी' असं ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहीत, आणि त्यातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर पाकीट बदलत. मागचं गिऱ्हाईक तापाने फणफणलेलं का असेना.

आता पुस्तिकेत लिहिलं होतं एवढंच, की पहिले हजार किलोमीटर गाडी भरधाव सोडू नये, फार वेळ एकाच वेगाने चालवू नये, पूर्ण भार टाकू नये आणि लांबलचक चढ शक्यतो टाळावेत. सर्वसामान्य माणूस यातला 'शक्यतो' हा शब्द वाचतो आणि गाडी चालवायला लागतो. कोर्सकाकांनी 'हजार' हा शब्द वाचला. हा कोर्स होता, आणि तो पूर्ण करायचा होता.

शोरूममधला विक्रेता या प्रकाराला रनिंग-इन म्हणत होता. "इंजिन सेट होऊ द्या," असंही तो म्हणाला. कोर्सकाकांना दोन्ही शब्द खटकले. नव्या इंजिनातले भाग एकमेकांवर घासून घासून आपापली जागा धरतात. हात बसतो, घडी बसते, तसंच हे. "म्हणजे इंजिन बसू द्यायचं," ते म्हणाले. विक्रेता जरा दचकला, पण गाडी विकून झाल्यावर गिऱ्हाइकाशी वाद कशाला घालायचा, म्हणून तो हसला. कोर्सकाकांना वाटलं, शब्द त्याला आवडला. पुढचा सगळा घोटाळा या एका हसण्यातून झाला, असं ते अजूनही म्हणतात. पण ते काही खरं नाही, आणि तसं नाही हे त्यांनाही मनातून ठाऊक आहे.

गाडी घेतली होती ती आईसाठी. आईला बसचा वास सोसायचा नाही आणि गुडघे बसची पायरी चढू द्यायचे नाहीत. तिची धाकटी बहीण, म्हणजे कोर्सकाकांची मावशी, घाटापलीकडच्या गावात राहायची. दोघी बहिणींची कित्येक वर्षांत गाठ पडली नव्हती. फोन होता, पण मावशींना कमी ऐकू यायचं. फोनवर त्यांना निम्मं ऐकू यायचं आणि उरलेलं निम्मं त्या स्वतः ठरवायच्या. समोरासमोर मात्र त्या आईच्या ओठांकडे बघून सगळं ओळखायच्या, लहानपणापासून. म्हणून भेटच हवी होती. त्यात मावशींचा मुलगा, परदेशात नोकरीला असलेला मावसभाऊ, सुट्टी काढून आला होता. घर विकून तो मावशींना कायमचं घेऊन जाणार होता. जायचा दिवस महिनाअखेरीचा ठरला होता. तिकडे गेल्यावर दोघींची भेट पुन्हा कधी, याचं उत्तर कुणीच मोठ्याने देत नव्हतं.

"पहिली फेरी मावशीकडे," कोर्सकाका गाडी घेण्याआधी म्हणाले होते. आईने त्याच संध्याकाळी पिशवी भरायला घेतली. आता ते म्हणाले, "पहिली फेरी मावशीकडेच, फक्त इंजिन बसू दे. वाटेत सगळा घाट आहे." आईने काही वाद घातला नाही. मुलगा औषधवाला, कोर्स पूर्ण करायला सांगणारच, असं तिने धरलं. रोज सकाळी ती विचारायची, "बसलं का रे?" घरात कुणी आजारी असल्यावर ताप उतरला का विचारतात, त्याच आवाजात. कोर्सकाका म्हणायचे, "अजून बसतंय."

तर इंजिन बसवायचं म्हणजे गाडी फिरवायची, आणि फिरवायची म्हणजे कुठेतरी जायचं. कोर्सकाकांचं घर आणि दुकान यांत चालत जाण्याइतकंच अंतर. मग ते दुकान उघडण्यापूर्वी गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर एकट्याने फेऱ्या मारू लागले. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका आजोबांना डोकेदुखीची एक पट्टी हवी होती, ती त्यांनी जातीने घरपोच केली. आजोबा इतके भारावले की दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा एक पट्टी मागवली, आणि मग रोज एकेक मागवू लागले. आजोबांना डोकेदुखी नव्हती, एकटेपणा होता, हे कोर्सकाकांच्या फार उशिरा लक्षात आलं.

वेग एकसारखा ठेवायचा नाही, हेही ते पाळत होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर ते जरा जोरात जायचे, मग हळू व्हायचे, मग पुन्हा जोरात. मागच्या गाड्यांना हा माणूस वाट देतोय की शर्यत लावतोय ते कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी वाहतूक पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं आणि काय घेतलंय म्हणून विचारलं. "मी औषधवाला आहे," कोर्सकाका ताठ मानेने म्हणाले. त्यावर पोलिसाने कोणतं औषध, असं विचारलं. मग नळीत फुंकणं आलं. आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही न घेतलेला हा गृहस्थ भर रस्त्यात गाल फुगवून फुंकत असताना नेमक्या त्यांच्याच दुकानाच्या तीन गिऱ्हाइकांनी ते पाहिलं. कोर्सकाकांनी पोलिसाला पुस्तिका उघडून दाखवली. पोलिसाने ती शांतपणे वाचली आणि पुस्तिकेत गाडी हिसके देत चालवा असं कुठे लिहिलंय, ते दाखवायला सांगितलं.

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावर डेपोवाले राहत. बस डेपोत आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते आणि दुनियेतल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं एकच मत असे, ते म्हणजे त्याला डोक्यावर चढवू नये. त्यांचं म्हणणं, पहिल्याच आठवड्यात इंजिन घाटात पिळून काढा, नाहीतर जन्मभर आळशी राहील. "आईला घेऊन उद्या निघा," ते म्हणाले. "चढावरच इंजिन घडतं." खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी म्हणाले, छे, त्यांच्या साडूने असंच केलं आणि गाडी गेली. साडूची गाडी मुळात तिसऱ्या हाताची होती, हे सेक्रेटरींच्या बायकोने मागून सांगितलं, पण तोवर कोर्सकाकांनी आपल्याला हवा तो सल्ला घेऊन टाकला होता.

त्यानंतर तेलाचं प्रकरण झालं. पुस्तिकेत लिहिलं होतं, इंजिन थंड असताना तेलाची पातळी बघावी. कोर्सकाकांच्या भाषेत, रिकाम्या पोटी तपासणी. रोज पहाटे ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर काढायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा बुडवायचे आणि चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरायचे. पट्टीवर तेल जरा कमीच दिसायचं. आठवडाभर कमी दिसल्यावर त्यांनी डबा आणून तेल वाढवलं, आणि कूलंटच्या टाकीत डोकावून त्यालाही जरा धीर दिला. दोन दिवसांनी पेट्रोल पंपावर सहज बघितलं, तर तेल खुणेच्या बरंच वर. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सोसायटीच्या पार्किंगला उतार होता. गाडी रोज नाक वर करून उभी राहायची, आणि तेल बिचारं मागे सरकलेलं असायचं.

डोस जास्त झाला, या विचाराने कोर्सकाकांना घाम फुटला. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी कुणाला एक थेंब जास्त दिला नव्हता. डेपोवाले म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, जास्तीचं तेल काढून टाकू. दोघे मिळून गाडीखाली ताट घेऊन शिरले आणि तेलाचा तळाचा बोल्ट जरा सैल केला. तो जरा जास्तच सैल झाला. तेल ताटात पडायच्या ऐवजी उतारावरून सरळ सेक्रेटरींच्या स्कूटरकडे निघालं. सेक्रेटरी सकाळी त्यात पाऊल ठेवून जिना चढून गेले, मग किल्ली विसरली म्हणून उतरले, मग पुन्हा चढले. तिन्ही वेळच्या काळ्या पावलांची नक्षी जिन्यावर उमटली. संध्याकाळी फलकावर सूचना लागली, की काही सभासद सामायिक जागेचा वापर यंत्रशाळेसारखा करत आहेत. 'काही सभासद' म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळावं म्हणून खाली गाडीचा नंबर दिला होता. सूचनेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. कोर्सकाकांनी त्या दुरुस्त केल्या नाहीत, यावरून त्यांची मनःस्थिती समजावी.

या सगळ्यात आईने आपला एक उद्योग काढला होता. दुपारी सोसायटी झोपली, की ती सुनेला घेऊन खाली यायची आणि गाडीत चढण्या-उतरण्याचा सराव करायची. आधी बूड टेकायचं, मग एक पाय, मग दुसरा पाय हाताने उचलून आत. पहिल्या दिवशी तिला ते जमेना. आठवड्याभरात ती कुणाचा हात न धरता बसू लागली. बसल्यावर ती थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहायची, जणू गाडी चाललीय. एकदा कोर्सकाका अचानक दुकानातून आले आणि त्यांनी हे पाहिलं. त्याच क्षणी किल्ली फिरवून निघायला हवं होतं, असं त्यांना पुढे शंभर वेळा वाटलं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "आई, दार हळू लाव, नवीन आहे."

बायकोच्या भाचीचं लग्न आलं, तेव्हा तर कमाल झाली. बायको, तिच्या दोन बहिणी, एक मेहुणा आणि बॅगा, म्हणजे गाडीवर पूर्ण भार. कुणाला घ्यावं आणि कुणाला वगळावं असा भेदभाव नको, म्हणून कोर्सकाकांनी सगळ्यांनाच वगळलं. मंडळी बसने निघाली आणि मागून हे रिकामी गाडी घेऊन. बायको बसच्या मागच्या काचेतून वाटभर त्यांच्याकडे बघत होती. ते हात हलवत होते. ती हलवत नव्हती. थांब्यावर बसचा ड्रायव्हर उतरून आला आणि आपल्या बसच्या मागे इतका वेळ का लागलाय, असं त्याने दरडावून विचारलं. आत माझी बायको आहे, असं कोर्सकाकांनी सांगितल्यावर त्याने त्यांच्याकडे बघितलं, रिकाम्या गाडीकडे बघितलं, आणि पुढे काहीएक न विचारता परत जाऊन बसला. लग्नाहून आल्यावर बायको एकच वाक्य बोलली. ती म्हणाली, "तुम्ही आत्तापर्यंत गावात जेवढी फिरवली ना, तेवढ्यात आई मावशींकडे तीनदा जाऊन आल्या असत्या." कोर्सकाकांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. ते खरं होतं. पण कोर्स मध्येच सोडायचा नसतो.

महिनाअखेर जवळ आली, आणि हजाराचा आकडाही. पहिल्या तपासणीसाठी कोर्सकाका वर्कशॉपमध्ये गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी आकडा पाहून मान हलवली. हजार व्हायला अजून थोडे कमी होते, आणि हजार झाल्याशिवाय सिस्टीम घेत नाही. तुम्ही घ्या, सिस्टीमचं काय एवढं, असं म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, मी घेते, पण सिस्टीम घेत नाही. मग कोर्सकाका वर्कशॉपभोवतीच गोल गोल फिरू लागले. फाटकावरचा रखवालदार पहिल्या काही फेऱ्यांना सलाम करत होता, नंतर खुर्चीवरून नुसती मान हलवू लागला, आणि शेवटी त्याने पाठ फिरवली. आकडा पूर्ण झाला तेव्हा काउंटरची जेवणाची सुट्टी झाली होती. पण अखेर झालं. तेल बदललं, गाळणी बदलली, कूलंट आणि ब्रेकचं तेल तपासलं. मेकॅनिकने इंजिन चालू करून कान दिला आणि सांगितलं, की याला आता कुठेही न्या.

कोर्सकाकांना इतका आनंद त्यांचा बारावीचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. तो गुरुवार होता. मावशींचं विमान सोमवारचं. शनिवारी निघायचं, शनिवार-रविवार दोघी बहिणी एकत्र. वर्कशॉपच्या दारातूनच त्यांनी मावसभावाला फोन लावला. मागे ठोकाठोक चालू होती. तिकडेही सामान बांधण्याचे आवाज येत होते.

"इंजिन एकदाचं बसलं," कोर्सकाका म्हणाले.

मावसभावाने विचारलं, "बसलं? नव्या गाडीचं?"

"नव्याचंच बसतं रे. जुन्याचं कधीच बसलेलं असतं."

"अरेरे. मग आता?"

"आता काय, सुटलो. महिनाभर जीव टांगणीला लागला होता."

"कंपनी काही करते का?"

"पहिल्या वेळेला सगळं तीच बघते."

मावसभाऊ हळू आवाजात म्हणाला, "तिकडे मावशीला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. आईला मी समजावतो. सामानवाले आलेत, ठेवतो आता."

"बरं, मग शनिवारी सकाळी आम्ही..." कोर्सकाका म्हणाले, तोवर फोन बंद झाला होता.

मराठीत 'बसणे' या क्रियापदाइतकं दगाबाज क्रियापद दुसरं नसेल. माणूस खुर्चीत बसतो, विश्वास बसतो, आणि धक्काही बसतो. घडी बसली तर बरं असतं, घसा बसला तर वाईट. धंद्यात जम बसला म्हणजे तुम्ही वर आलात, आणि नुसता धंदा बसला म्हणजे दिवाळं निघालं. गाडीच्या बाबतीत तर रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला विचारा. इंजिन बसलं म्हणजे ते गेलं, संपलं, भंगारवाल्याला बोलवा. महिनाभर कोर्सकाकांच्या घरात या शब्दाचा जो अर्थ चालत होता, तो जगात फक्त त्यांच्याच घरात चालत होता. पण ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं. आईचा चेहरा उजळला. तिने विचारलं, मी एकदा धाकटीशी बोलू का? कोर्सकाका म्हणाले, "कशाला? सगळं सांगितलंय. आता भेटणारच आहेस." आई म्हणाली, हो, तेही खरंच. फोनवर तसंही तिला निम्मंच कळतं.

शनिवारी सकाळी दोघंच निघाले. बायको दुकान सांभाळायला थांबली. आई कुणाचा हात न धरता गाडीत बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाव सुटल्यावर तिने काच खाली करायला लावली. ती सारखी बोलत होती. लहानपणी धाकटी काय काय करायची, कुणाला कशी फसवायची, असलंच सगळं. कोर्सकाका ऐकत होते आणि इंजिनाकडेही कान लावून होते. घाट लागला. अर्ध्या चढावर त्यांना वाटलं, तापमानाचा काटा जरा हलला. तो जागचा हलला नव्हता, त्यांनी फक्त पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं होतं. तरी त्यांनी रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून ठेवलं आणि इंजिन निवायची वाट बघत बसले.

"बसलंय ना रे ते?" आईने आतून विचारलं.

"बसलंय गं. पण बसलेल्यालाही विसावा लागतो."

असा बराच वेळ गेला. आईने दोनदा घड्याळ पाहिलं. मग एक मालट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, उघडं बॉनेट बघितलं, आत बसलेली म्हातारी बघितली आणि त्याने आपुलकीने विचारलं, "इंजिन बसलं का?"

"हो," कोर्सकाका अभिमानाने म्हणाले, "परवाच बसलं."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "परवा बसलं आणि आज घाटात घेऊन आलात? थांबा, दोर आणतो. खाली गॅरेज आहे, तिथवर ओढत नेतो." तो दोर काढायला वळला.

कोर्सकाकांना आधी हसू आलं. ते तोंड उघडून समजावणार होते, की बाबा, तसं बसलं नाही, असं बसलं. आणि मग त्यांचं हसू तोंडातच राहिलं. 'अरेरे', 'कंपनी काही करते का', 'मनाला लावून घेऊ नको', 'आईला मी समजावतो'. मावसभावाचं एकेक वाक्य त्यांना आठवलं आणि प्रत्येकाचा अर्थ आता लागला. त्यांनी खिशातून फोन काढला. घाटात रेंज नव्हती. त्यांनी बॉनेट खाली आपटलं, ड्रायव्हरला हात जोडले आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"आई, त्यांना वाटलं असेल, आपण येत नाही," ते म्हणाले. मग अडखळत अडखळत त्यांनी सगळं सांगितलं. आईने पिशवी घट्ट धरली आणि एवढंच म्हणाली, "चालव."

कोर्सकाकांनी गाडी चालवली. उरलेला घाट त्यांनी अशा वेगाने चढला, की डेपोवाल्यांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. वळणावर नाही, चढावर नाही. ते मन लावून पळत होतं, आणि त्याचं ते सुरेख पळणं ऐकून कोर्सकाकांना रडू येत होतं. महिनाभर ज्याला जपलं, त्याला जपायची गरजच नव्हती.

गावात शिरेपर्यंत फोनला रेंज आलीच नाही. मावशींच्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालू, दार उघडं, तसेच ते पायऱ्या चढून गेले. दाराला कुलूप होतं. खिडक्यांचे पडदे काढलेले होते आणि आतल्या खोल्या आरपार दिसत होत्या.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं, की तासाभरापूर्वीच गेले दोघं. तिकिटं सोमवारची होती, पण मुलाला आज संध्याकाळची मिळाली म्हणून बदलून घेतली. बहीण येणार होती त्यांची, तिच्यासाठीच सोमवारपर्यंत थांबलेले. पण बहिणीच्या गाडीचं इंजिन बसलं म्हणे, मग थांबून काय करायचं? फोन करून विचारा म्हणाले मी, तर मावशी म्हणाल्या, नको, आधीच त्या पोराची नवी गाडी गेलीय, त्याला आणखी लाजवायला नको. विमानतळ दुसऱ्या दिशेला होता, आणि लांब होता. आता निघून तिथे पोहोचेपर्यंत ते तपासणीपलीकडे गेले असते, हे बाईंनी सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

एव्हाना आई गाडीतून उतरून आली होती. बाईंचं शेवटचं बोलणं तिने ऐकलं. तिने कुलपाकडे पाहिलं, मग ती हळूहळू खाली वाकली आणि मावशींच्या पायरीवर बसली. कोर्सकाका तिच्यासमोर उभे राहिले. त्यांना माफी मागायची होती.

"फोन लाव," आई म्हणाली.

त्यांनी मावसभावाला लावला. तो वाटेत होता. त्याने फोन मावशींकडे दिला, आणि कोर्सकाकांनी आपला आईच्या हातात दिला. मावशींना ऐकू जावं म्हणून आई मोठ्याने बोलू लागली, इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.

"हो गं, खरंच बसलं," आई म्हणाली. "पार बसलं. नाही नाही, त्याची काय चूक? वस्तूच तशी निघाली. महिनाभर बिचारा राबला तिच्यासाठी, तुझ्याकडे आणायचं म्हणून. आता तू रडू नको. ऐकू येतंय का? रडू नको म्हणतेय."

मावशींनी पलीकडून काहीतरी विचारलं. आईने डोळे मिटले.

"मी ना? मी घरी आहे," ती ओरडून म्हणाली. "घरी. हो, माझ्या खुर्चीत बसलेय. तू नीट जा."

शेजारच्या बाई मुकाट्याने आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

कोर्सकाकांना एकाएकी गाडी आठवली. खाली रस्त्यावर इंजिन अजून चालूच होतं. ते इतकं सुरेख बसलं होतं, की चार पावलांवरूनही त्याचा आवाज येत नव्हता, आणि मावशींना तर कानाशी बोललेलंही धड ऐकू यायचं नाही. तरी ते धावत पायऱ्या उतरले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.